'वारस नाही', असं मी छापलं होतं

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. मधेच सोडू नका, कारण यात माझी स्वतःची एक चूक आहे आणि ती मला चारचौघांत कबूल करायची आहे.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या गावातली एक जुनी खानावळ बंद झाली. नाव लिहीत नाही, गावातल्यांना कळलंच असेल. बाहेरगावाहून शिकायला आलेली पोरं, बदलीवरचे मास्तर, बँकेतले साहेब, कोर्टाच्या तारखेला आलेले पक्षकार, सगळे तिथं जेवून गेले. महिन्याचे मेंबर वेगळे. बंद झाली तेव्हा मी बातमी केली. फोटो टाकला, मालकांची मुलाखत घेतली आणि मथळा दिला: 'वारस नसल्यानं जुनी खानावळ बंद.' बातमी खूप फिरली. ज्यांनी दहा वर्षांत तिथं पाय ठेवला नव्हता, त्यांनीही रडके चेहरे टाकले. मीही त्यांतलाच. शेवटचं तिथं कधी जेवलो ते मला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मालकांची धाकटी लेक.

"दादा, बातमी चांगली लिहिलीत. पण एक विचारू? अकरा वर्षं गल्ल्यावर मी बसले. किराण्याची यादी मी केली. आचारी पळून गेला तेव्हा भाकऱ्या मी थापल्या. फूड लायसन्सचं नूतनीकरण मी केलं. मग वारस नाही असं कसं छापलंत तुम्ही?"

मी म्हटलं, "अहो, वडीलच म्हणाले तसं."

ती म्हणाली, "ते म्हणणारच. तुम्ही तर मला गल्ल्यावर बघितलंय ना?"

बघितलं होतं. मुलाखतीच्या वेळी चहा तिनंच आणून दिला होता. तरी मी वडिलांना विचारलं, "मुलगा काय करतो?" ते म्हणाले, "पुण्याला कंपनीत आहे, त्याला यात रस नाही." मी वहीत लिहून घेतलं: वारस नाही. वीस वर्षं पत्रकारिता केली, त्याआधी डिप्लोमा केला. पण चहा आणून देणाऱ्या बाईला एक प्रश्न विचारावा, हे सुचलं नाही.

हे डोक्यात घेऊन फिरत होतो. तेवढ्यात रविवारच्या पुरवणीसाठी, पिढ्यान् पिढ्या एकाच घराण्यानं चालवलेल्या हॉटेलांवर लिहायचं ठरलं. वाचता वाचता अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहरातल्या एका फ्रेंच हॉटेलापाशी येऊन अडकलो. नाव आंत्वान्स. १८४० साली सुरू झालं, आजही सुरू आहे आणि आजही त्याच घराण्याकडे आहे. आपल्याकडे १८५७ चा उठाव व्हायला अजून सतरा वर्षं होती, तेव्हापासून तिथं पानं मांडली जातायत. अमेरिकेत एकाच घराण्यानं चालवलेलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून त्याचं नाव घेतात. मी कधी गेलो नाही, जाईन असंही वाटत नाही. पण त्यांच्या घराण्याची हकिकत वाचली आणि आमच्या खानावळीच्या लेकीचा फोन पुन्हा कानात वाजला.

आंत्वान अल्सियातोर हा मार्सेयचा पोरगा. मार्सेय म्हणजे फ्रान्सचं दक्षिणेकडचं बंदर. नशीब काढायला अमेरिकेत आला आणि न्यू ऑर्लीन्सला पोचला. ते शहर तोवर फ्रेंचांचं होऊन गेलं होतं, स्पॅनिशांचंही होऊन गेलं होतं, १८०३ साली अमेरिकेनं विकत घेतलं होतं. लोक फ्रेंच बोलत, फ्रेंच खात. आंत्वाननं तिथं खाणावळ आणि राहायची सोय असं एकत्र सुरू केलं. वय अवघं अठरा. पुढं जम बसला, आणि १८६८ साली सेंट लुईस रस्त्यावर आजच्या जागेत बस्तान हलवलं.

१८७४ साली आंत्वान खूप आजारी पडला. मरण आपल्या मायभूमीत यावं असं त्याला वाटलं. झिजत झिजत जाताना बायकोनं बघू नये म्हणून तो एकटाच बोटीनं मार्सेयला निघाला. आता या जगात आपली भेट नाही, असं सांगून गेला, असं घराण्यात सांगतात. तीन महिन्यांत तिकडंच वारला.

इथं माझ्यासारख्या बातमीदारानं काय मथळा दिला असता? मुलगा ज्यूल्स अजून पोरगेला. मालक गेला. वारस लहान. हॉटेल बंद.

पण हॉटेल बंद झालं नाही. ज्युली, त्याची बायको, गल्ल्यावर बसली. यादवी युद्ध संपून दहाच वर्षं झाली होती, दक्षिणेकडची राज्यं पार कंगाल झाली होती. १८७८ साली शहरात पीतज्वराची मोठी साथ आली, हजारो माणसं गेली. त्या सगळ्या काळात हॉटेल त्या बाईनं चालवलं, आणि १८८७ पर्यंत, म्हणजे जवळपास तेरा वर्षं चालवलं. पाटीवर नाव आंत्वानचं, आजही त्याचंच आहे. 'ज्युलीचं हॉटेल' असं कुणी म्हणत नाही.

आणि तिनं आणखी एक काम केलं. मुलाला सरळ गादीवर बसवलं नाही. आधी सहा वर्षं स्वतःच्या हाताखाली राबवलं. मग फ्रान्सला पाठवलं, तिथल्या भटारखान्यांत काम करून शिकायला. परत आल्यावर त्यानं शहरातल्या एका क्लबात आचारी म्हणून दुसऱ्याची चाकरी केली. मग आईनं बोलावलं, ये आता.

आपल्याकडे काय करतात? पोरगा बारावीत नापास झाला की बाप म्हणतो, चल, गल्ल्यावर बस. म्हणजे धंदा ही नापासांची सोय. मग तो बसतो, मोबाइल बघतो, आणि चार वर्षांनी आपण म्हणतो, नव्या पिढीला रस नाही.

ज्यूल्सनं पुढं काय केलं ते खाण्याच्या इतिहासात नोंदलं गेलं. फ्रेंच हॉटेल म्हटल्यावर गोगलगाई हव्यातच. पण त्या युरोपातून यायच्या, वेळेवर मिळायच्या नाहीत. ज्यूल्सनं जवळच्या समुद्राकडं बघितलं. कालवं भरपूर होती. कोकणातल्या मंडळींना कालवं सांगायला नकोत. १८९९ साली त्यानं कालवांवर हिरवा सॉस घालून, वर भाजून एक पदार्थ काढला. इतका श्रीमंत चवीचा, की त्या वेळच्या सर्वांत श्रीमंत माणसाचं, रॉकफेलरचं नाव त्याला दिलं. ऑयस्टर्स रॉकफेलर. कृती आजही घराण्यानं बाहेर दिलेली नाही. तो पालकाचा सॉस आहे म्हणणाऱ्यांना, त्यात पालक नाही, एवढंच उत्तर मिळतं.

या पदार्थाचं श्रेय ज्यूल्सला मिळतं, मिळायलाच हवं. पण गोगलगाई मिळत नाहीत म्हणून रडत न बसता दुसरं काही करणारा पोरगा आपोआप तयार होत नाही. आईनं त्याला तेरा वर्षं बाजूला ठेवून घडवला होता.

आता पुढं ऐका. ज्यूल्सनंतर त्याचा मुलगा रॉय. १९३४ पासून १९७२ मध्ये मरेपर्यंत त्यानं हॉटेल चालवलं. रॉयनंतर काय? अल्सियातोर आडनावाचा पुरुष गादीवर आला नाही. आपल्या भाषेत 'वंशाचा दिवा' विझला. मग कारभार गेला गस्ट मंडळींकडे. हे कोण? ज्यूल्सच्या मुलीची, रॉयच्या बहिणीची मुलं. म्हणजे लेकीची लेकरं. त्यांच्या घरानं २००४ पर्यंत सांभाळलं. २००५ साली आले रिक ब्लाउंट. हे कोण? रॉयच्या मुलीचा मुलगा. पुन्हा लेकीचं लेकरू.

तीन आडनावं झाली बघा. अल्सियातोर, गस्ट, ब्लाउंट. आडनाव बदललं, चूल तीच राहिली. मुलगाच हवा, आडनाव तेच हवं, असा हट्ट त्या घराण्यानं धरला असता, तर ते हॉटेल १९७२ सालीच इतिहासजमा झालं असतं. अमेरिकेतल्या कुठल्या तरी बातमीदारानं मथळा दिला असता: 'वारस नसल्यानं बंद.'

यात कायद्याचाही एक धागा आहे. न्यू ऑर्लीन्स ज्या लुइझियाना राज्यात आहे, तिथला दिवाणी कायदा इंग्रजी वळणाचा नाही, फ्रेंच-स्पॅनिश वळणाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथं आईबापाच्या मालमत्तेत मुलगा-मुलगी समान वाटेकरी. बापाला मनात आलं म्हणून मुलांना, आणि मुलं म्हणजे मुलीसुद्धा, पूर्ण बेदखल करता येत नसे. ती सक्ती गेल्या शतकाच्या शेवटी सैल झाली. पण पिढ्यान् पिढ्या एक गोष्ट तिथल्या हाडात मुरली: लेकीलाही हिस्सा असतो.

उगाच आरती ओवाळणार नाही. त्या घराण्यातही ज्युलीनंतर मालकाच्या खुर्चीवर बसलेले सगळे पुरुषच. रॉयला मुलगी होती, तरी १९७२ नंतर कारभार आला भाच्यांकडं. वारसा बायकांमधून वाहत आला, पण खुर्ची त्यांना मिळाली नाही. तिथंही अर्धंच काम झालंय.

आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की हे हॉटेल ज्या शहरात आहे तिथं १९६४ चा नागरी हक्क कायदा येईपर्यंत गोऱ्यांच्या हॉटेलात काळ्या माणसाला गिऱ्हाईक म्हणून बसायची सोय नव्हती. ज्या फ्रेंच-क्रिओल स्वयंपाकाचा ते शहर अभिमान मिरवतं, तो घडवण्यात कितीतरी काळ्या आचाऱ्यांचे हात होते. भटारखान्यात चालतील, टेबलावर नाही. आपल्याला ही व्यवस्था काही नवी नाही. घराण्याच्या पाटीवर त्या आचाऱ्यांचं नाव येण्याचा तर प्रश्नच नव्हता.

त्याच शहरात डूकी चेसचं हॉटेल आहे, काळ्या लोकांच्या वस्तीत, १९४१ पासून. हेही घराण्याचं. आधी साधं सँडविचचं दुकान होतं. १९४६ साली लिया नावाची मुलगी त्या घरात सून म्हणून आली. लग्नाआधी तिनं फ्रेंच क्वार्टरमधल्या गोऱ्यांच्या हॉटेलात वाढपी म्हणून काम केलं होतं. टेबल कसं मांडतात, माणसाला मानानं कसं वाढतात, हे तिनं तिथं पाहिलं होतं. तेच तिनं सासरच्या हॉटेलात आणलं. आपल्या लोकांनाही पांढऱ्या चादरीच्या टेबलावर बसून जेवता आलं पाहिजे, एवढाच तिचा आग्रह. नागरी हक्क चळवळीतली काळी-गोरी माणसं वरच्या खोलीत एकत्र बसून जेवत आणि पुढचे बेत करत. असं एकत्र बसणं तेव्हा कायद्याविरुद्ध होतं. लिया चेस २०१९ साली ९६ व्या वर्षी वारल्या, तेव्हा सगळ्या देशानं दखल घेतली. पाटीवर नाव अजूनही डूकी चेस यांचंच, सासऱ्यांचं. हॉटेल ओळखलं जातं सुनेमुळं.

म्हणजे आंत्वान्समध्ये विधवा आणि लेकी, डूकी चेसमध्ये सून. मग ही 'घराण्याची हॉटेलं' नक्की कुठलं घराणं चालवतं?

कुणी म्हणेल, मुलगे असले की टिकतंच की. न्यूयॉर्कचं ला ग्रेनुई बघा. १९६२ साली एका फ्रेंच जोडप्यानं सुरू केलेलं, फुलांच्या सजावटीसाठी नावाजलेलं हॉटेल. १९७५ साली नवरा गेला, बायकोनं मुलाला हाताशी धरून चालवलं. पाहा, इथंही विधवाच. पुढं दोन मुलगे, भावाभावांत बेबनाव झाला, तो पेपरात आला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये हॉटेल बंद झालं. वादामुळंच बंद पडलं असं मी म्हणणार नाही. मोठ्या शहरातल्या अशा हॉटेलापुढं शंभर अडचणी असतात. पण दोन मुलगे असणं म्हणजे विमा नव्हे, एवढं तर दिसतं.

आता २००५ साल. २९ ऑगस्टला कॅटरिना वादळ न्यू ऑर्लीन्सवर आलं. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. फ्रेंच क्वार्टर उंचावर, म्हणून पुरातून बराचसा वाचला. पण आंत्वान्सच्या इमारतीच्या भिंतीचा भाग कोसळला. वीज गेल्यानं दारूचा मोठा साठा उष्णतेनं खराब झाला. नोकरमाणसं देशभर पांगली. लेकीच्या लेकरानं चार महिन्यांत दारं पुन्हा उघडली.

त्याच वादळानंतर अकरा दिवसांनी, ९ सप्टेंबर २००५ ला, आपल्याकडे हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मानं मुलाइतकाच हक्क. महाराष्ट्रानं त्या दिशेनं पाऊल १९९४ सालीच टाकलं होतं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ नं ती अटही काढली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की त्या दिवशी वडील हयात असण्याचीही गरज नाही.

कायदा आला. मग दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर जाऊन उभे राहा एकदा. मी बातमीसाठी तिथं नेहमी असतो. हक्कसोड पत्रावर सही करायला आलेल्या बहिणी बघा. नवी साडी, भावानं गाडीनं आणलेलं, सही झाली की सगळ्यांचं जेवण. विचारलं तर म्हणतात, "भाऊ तुटायला नको, माहेर बंद व्हायला नको." कागदावर लिहिलेलं असतं, राजीखुशीनं. एका तरी भावानं माहेर तुटेल या भीतीनं बहिणीच्या नावे हक्क सोडलेला मी अजून पाहिलेला नाही. तुम्ही पाहिला असेल तर सांगा, पहिल्या पानावर छापतो.

मालमत्तेचा हिस्सा हा एक भाग झाला. धंद्याचा वारसा त्याहून अवघड. त्याला सातबारा नसतो. कुठल्या गिऱ्हाइकाला कमी तिखट लागतं, उधारी कुणाची बुडणार आणि कुणाची येणार, आचारी रुसला की त्याला कसं वळवायचं, हे ज्याला ठाऊक तो वारस. आमच्या खानावळीत हे ज्याला ठाऊक होतं ती वारस गल्ल्यावर बसलेली होती. फक्त तिला तसं कुणी म्हटलं नाही. बापानं नाही, भावानं नाही आणि पेपरनंही नाही.

लगेच लोक म्हणतील, "ती उद्या लग्न करून जाईल, मग?" अहो, मुलगा पुण्याला गेलाच की. त्याचं जाणं म्हणजे करिअर, हिचं जाणं म्हणजे अडचण? आणि लग्न करून ती कुठं जाणार, शेजारच्या तालुक्यात. बस आहे, स्कूटी आहे. दुसरे म्हणतील, "खानावळीचं राबणं लेकीच्या गळ्यात कशाला?" हे खरं आहे, जबरदस्ती कुणावरच नको. पण अकरा वर्षं तिच्याकडून राबवून घेताना हा कळवळा कुठं होता? काम करायला ती चालते, नाव लावायला नाही.

मी तिला परत फोन केला. विचारलं, तुम्हाला चालवायची होती का? ती म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही. आता जागा दिली मोबाइल शोरूमला. भांडी विकली. तुम्ही विचारताय ते बरंय, पण उशीर झाला." मग थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी बाबांसमोर विचारलं असतं, तर निदान त्यांच्या कानावर तरी पडलं असतं."

हे मला लागलं. बातमीनं खानावळ वाचली असती असं नाही. पण प्रश्न विचारणं हे माझं काम होतं आणि मी चुकीच्या माणसाबद्दल विचारलं.

म्हणून आज दुरुस्ती देतोय. पेपरात दोन ओळींची गेली आहे, आतल्या पानावर, खाली. इथं नीट लिहितो. आमच्या गावातली ती खानावळ वारस नसल्यानं बंद झाली नाही. वारस होती. तिला वारस म्हणायचं आपल्याला सुचलं नाही, म्हणून बंद झाली.

तुमच्या गावात '...आणि सन्स' अशी पाटी असलेलं एखादं दुकान असेल. पुढच्या वेळी जाल तेव्हा गल्ल्यावर खरंच कोण बसलंय ते बघा. आणि मालक म्हणाले, "पुढं कुणी नाही हो," तर एवढंच विचारा, "आणि ताई?"